आजीपासून लेकरापर्यंत सगळ्यांना घेऊन बागेत जायचं असेल तर

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल, रविवार, दुपारचे साडेतीन. बहिणीकडे गेलो होतो. लेकरं घरात बसून कंटाळली, म्हणून आम्ही आठ जण तिथल्या बागेत गेलो. लोखंडी घसरगुंडीवर बसताक्षणी माझ्या चार वर्षांच्या धाकटीने किंकाळी फोडली. मांडीच्या मागे लालभडक चट्टा उठला होता. पाण्याखाली धरावं म्हणून नळ शोधला, तर नळ कोरडा. सावलीतले बाक आधीच भरलेले, त्यामुळे माझी आई, तेव्हा अडुसष्ट वर्षांची, तापलेल्या सिमेंटच्या बाकावर बसून होती. पाऊण तासात तिला गरगरायला लागलं आणि आम्ही घाईघाईने घरी आलो.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "मला बसायला सावली अन् प्यायला पाणी पाहून ठेवत जा, बाकीचं माझं मी बघते." तेव्हापासून आम्ही बागेत जाण्याचा बेत तिच्या या वाक्यापासून सुरू करतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला झेपेल अशी जागा आणि वेळ आधी ठरवायची. मधल्या वयाच्या माणसांचं कुठेही भागतं. आम्ही जालन्यात राहतो, त्यामुळे खाली जे सांगते आहे ते मराठवाड्यातलं ऊन, पाणी आणि एसटी डोळ्यांसमोर ठेवून सांगते आहे.

पहिली पायरी: आधी एकट्याने जाऊन या

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. ज्या वेळी सगळ्यांना न्यायचं आहे, त्याच वेळी आठवड्यातल्या एखाद्या दिवशी एकट्याने किंवा नवरा-बायको मिळून एक चक्कर मारून या. अर्धा तास पुरतो.

सर्वांत आधी पाणी बघा. नळ दिसतो, पण तो सोडून बघा, पाणी येतं का ते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो आपला प्रदेश. उन्हाळ्यात बागेची झाडं टँकरवर किंवा बोअरच्या पाण्यावर जगवतात, ते पाणी पिण्याचं नसतं. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी आहे का, हे माळीकाकांना विचारा.

मग स्वच्छतागृह. कुलूप आहे का, आत पाणी आहे का, दाराला कडी आहे का, हे स्वतः आत जाऊन पाहा. बाईमाणूस आणि म्हातारी माणसं बागेत पाणी कमी पितात ते याच भीतीने, आणि उन्हाळ्यात हे कमी पाणीच त्यांना भोवतं. स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसेल तर जवळ पेट्रोल पंप, देऊळ किंवा बसस्थानक कुठे आहे ते हेरून ठेवा. अंगावर पिणारं बाळ सोबत असेल तर लक्षात ठेवा, एसटीच्या बऱ्याच बसस्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष असतो.

तिसरी गोष्ट सावलीची, आणि इथे जरा थांबून सांगते. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे कलतो, म्हणजे झाडाची सावली पूर्वेकडे लांबत जाते. चार वाजता चटई टाकायची तर झाडाच्या पूर्वेला टाका, संध्याकाळपर्यंत उठावं लागत नाही. पश्चिमेला बसलात तर पंधरा मिनिटांत ऊन तोंडावर येतं आणि म्हातारं माणूस तेवढ्यासाठी पुन्हापुन्हा उठत नाही, उन्हातच बसून राहतं. झाड कोणतं हेही पाहा. गुलमोहर लांबून मोठा छत्रीसारखा दिसतो, पण मार्चमध्ये तो बोडका असतो, त्याच्याखाली निव्वळ काड्यांची जाळी. करंजाला मात्र उन्हाळ्याच्या तोंडीच नवी पालवी फुटते आणि त्याची सावली दाट, थंड असते. लिंबालाही मार्च-एप्रिलमध्ये कोवळी पालवी येते. वड तर आहेच. वडापिंपळाखाली बसण्याआधी एकदा मान वर करून फांद्यांकडे बघा. आग्या मोहोळ लटकत असेल तर ती जागा सोडा.

शेवटी खेळणी आणि फाटकं. फाटक एकच आहे की दोन, दुसऱ्या फाटकातून थेट रस्त्यावर जाता येतं का, हे पाहिल्याशिवाय लहान लेकरू मोकळं सोडू नका. संध्याकाळी दिवे लागतात का हे पहारेकऱ्याला विचारा. एका बागेत मी विचारलं तेव्हा पहारेकरी काका म्हणाले, "ताई, पुढचे लागतात, मागं तळ्याकडं अंधार असतो." फाटकावरच्या फलकावर तळ्याकडच्या अंधाराचा उल्लेख नव्हता. वेळा लिहिलेला तो फलक मात्र मोबाइलमध्ये टिपून घ्या. पुष्कळ बागा सकाळी उघडून दुपारी बंद होतात आणि चारच्या पुढे परत उघडतात.

कोणती बाग निवडावी

पाच वर्षांखालचं लेकरू किंवा सत्तरीपुढचं माणूस सोबत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा घराजवळची, छोटी, एका नजरेत मावणारी बाग. चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या उद्यानापेक्षा दहा मिनिटांच्या अंतरावरची वॉर्डातली बाग बरी. काही बिनसलं तर रिक्षा करून घरी येता येतं.

मोठं ठिकाण पाहायचंच असेल तर छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान गावाकडून येणाऱ्यांना सोयीचं पडतं, कारण ते मध्यवर्ती बसस्थानकाला अगदी लागून आहे. आत महापालिकेचं प्राणिसंग्रहालय आहे आणि तिथले पांढरे वाघ बघायला लेकरं सगळ्यात आधी धावतात. शहराच्या कडेला मिटमिट्यात नवं सफारी पार्क उभं करून प्राणी तिकडे हलवायची योजना आहे, त्यामुळे निव्वळ वाघासाठी जाणार असाल तर निघण्याआधी चौकशी करा. प्राणिसंग्रहालयाचा सुट्टीचा वारही विचारून घ्या. माझ्या थोरलीने तिथे विचारलं होतं, पांढरा वाघ दुसऱ्या जातीचा असतो का? नाही. तो आपला पट्टेरी वाघच, रंग तेवढा वेगळा. आपल्याकडच्या पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ १९५१ साली मध्य प्रदेशातल्या रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या वाघाच्या वंशातले आहेत. पोरांना ही गोष्ट वाघासमोर उभं राहून सांगा, मग ती पिंजऱ्यावर खडे मारत नाहीत.

उन्हं उतरेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना कुठे बसवायचं, असा प्रश्न पडला तर संभाजीनगरात पाणचक्की आहे. जुन्या नहरीचं पाणी डोंगराकडून मातीच्या नळांनी इथे आणलं होतं. समोर माशांचा मोठा हौद, शेजारी जुना वड, आणि हौदाच्या खाली दालन. त्या हौदाचा तळ हेच दालनाचं छत. वरून पाणी, खाली माणसं बसलेली, हे आईला अजून नवल वाटतं.

बीबी का मकबऱ्याच्या बागेतही लोक सहकुटुंब जातात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही. पण ते स्मारक आहे, डबा उघडून बसायची किंवा चेंडू खेळायची जागा नव्हे. पाहून व्हायला तास-दीड तास पुरतो. हिमायत बागेत खेळणी शोधत जाऊ नका. ती मुघल काळातली जुनी बाग, आता तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. सकाळच्या वेळी आजोबांना चालायला आणि नातवंडांना आंबा, चिंच, जांभूळ झाडावरून ओळखायला ती फार चांगली.

पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान संभाजीनगरहून साधारण पन्नास किलोमीटर. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर ते उभं केलं. आमच्या पिढीच्या शाळेच्या सहली तिथे जायच्या, रंगीत कारंजी बघायला. मधल्या काळात त्याची बरीच पडझड झाली आणि दुरुस्तीची कामं निघाली. म्हणून पैठणमधल्या कुणा ओळखीच्या माणसाला फोन करून आज आत सोडतात का, कारंजी चालू आहेत का, हे विचारूनच निघा. तिथे गेलात तर नाथसागर बघाच. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि त्याच्या जलाशयाला एकनाथ महाराजांचं नाव मिळालं. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे परदेशी पाखरं उतरतात, रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतात. फाल्गुनात नाथषष्ठीच्या आठवड्यात मात्र गाव दिंड्यांनी भरलेलं असतं, तेव्हा यात्रेलाच जायचं, बागेला नव्हे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असेल तर फोटोसाठी नदीपात्रात कुणालाही उतरू देऊ नका. पाणी बघताबघता चढतं.

नांदेडकडचे लोक सचखंड गुरुद्वाऱ्याचं दर्शन आणि लंगर करून संध्याकाळी गोविंद बागेत जातात, लातूरकरांना शहराच्या मध्यावरचा नाना-नानी पार्क आहे. नावातच नाना-नानी आहेत, तेव्हा आजी-आजोबांना बेताच्या मध्यभागी ठेवा.

दिवस आणि वेळ

मार्च ते जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत संध्याकाळी साडेपाचच्या आधी बागेत पाय ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे दीड तास उजेड आणि नंतर दिव्यांचा एखादा तास मिळतो. सकाळी जायचं असेल तर साडेसहाला जाऊन साडेआठला परत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उलट करा. डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहालाच सूर्य मावळतो आणि परभणीसारख्या ठिकाणी लगेच गारठा पडतो, म्हणून तीनला जाऊन सूर्य मावळायच्या आत निघायचं. आजोबांचा स्वेटर आणि कानटोपी दुपारी ऊन असलं तरी पिशवीत हवी.

पावसाळ्यात बाग सगळ्यात सुंदर असते आणि सगळ्यात निसरडीही. शेवाळलेल्या फरशीवर म्हातारं माणूस पडलं की खुब्याचं हाड जातं. ज्या दिवशी पाऊस पडून गेला त्या दिवशी आईला आम्ही नेत नाही, आणि ती रागावली तरी नेत नाही.

वार? जमलं तर रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी त्याच झोक्यावर तीनदा नंबर लागतो.

एसटीने जाणार असाल तर

महाराष्ट्रात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं. पाच वर्षांपर्यंतच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. आमच्या घरचा हिशोब सांगते: सत्तरीची आई, मी, नवरा, सहा आणि अकरा वर्षांच्या दोन मुली. एकट्या नवऱ्याचं पूर्ण, बाकी चौघींचं अर्धं, म्हणजे पाच माणसांचा प्रवास तीन तिकिटांत. आईचं आधार कार्ड हातात काढून ठेवायचं, गर्दीत कंडक्टरला खोळंबून ठेवावं लागत नाही.

परतीची शेवटची गाडी कधी आहे हे उतरल्याउतरल्या चौकशी खिडकीवर विचारा आणि त्याच्या आधीची गाडी धरायची असं ठरवा. शेवटची गाडी ही चुकली तर काय करायचं याचं उत्तर नसलेली गाडी असते.

पिशवीत काय

पाणी प्रथम. उन्हाळ्यात दोन-तीन तासांसाठी माणशी एक लिटर धरा. वर हात धुवायला म्हणून एक जुनी बाटली वेगळी. आईसाठी आम्ही मीठ-साखरेचं पाणी घरूनच करून नेतो: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तर लहान लेकराला अपाय होतो. मधुमेह किंवा रक्तदाबाचं औषध चालू असलेल्या माणसाला हे पाणी द्यायचं का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

खायला आमच्याकडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे दिवसभर मऊ राहतात, सांडत नाहीत, आजीला चावता येतात आणि लेकरं हातात गुंडाळी घेऊन पळतापळता खातात. दही वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तेही हिवाळ्यातच. उन्हाळ्यात ते दोन तासांत आंबतं. मुरमुऱ्याचा चिवडा, गूळ-शेंगदाणे, काकड्या. काकडी घरून चिरून नेऊ नका, तिथेच चिरा. बागेबाहेर भेळ, कणीस, बर्फाचा गोळा असतोच. कणीस विस्तवावरून थेट हातात येतं, ते खुशाल घ्या. गोळ्याचा बर्फ मात्र कोणत्या पाण्याचा ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आम्ही लेकरांना देत नाही.

बाकी सामान थोडकं ठेवा. जाड चटई (सतरंजीला गवताचे काटे चिकटतात), आईसाठी घडीची खुर्ची, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसलं की उठणं कठीण, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, ओला पंचा, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी, आणि कुणाची रोजची औषधं असतील ती.

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

फाटकातून आत गेलं की लेकरं सुटतात. सुटायच्या आधी त्यांना तिथेच उभं करून मोबाइलवर प्रत्येकाचा एक फोटो काढा, आजच्या कपड्यांत. लेकरू चुकलं तर "निळा फ्रॉक होता की हिरवा" हे भल्याभल्यांना आठवत नाही. छोट्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा किंवा हातावर पेनाने लिहा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लेकराला तो ओळखीचा वाटतो.

मग एक जागा ठरवा: "चुकलं तर कारंज्यापाशी यायचं, अन् तिथंच उभं राहायचं." कारंजं, पुतळा, तिकीट खिडकी, काहीही चालेल, पण न हलणारं. आइस्क्रीमची गाडी नको. शोधायची वेळ आलीच तर सगळ्यांनी धावत सुटू नका. एकाने ठरलेल्या जागी थांबायचं, एकाने फाटकावर जाऊन पहारेकऱ्याला फोटो दाखवायचा, एकाने पाण्याकडे जायचं, हौद, तळं, नाला, जे असेल तिथे. पाण्याकडे आधी, कारण बाकी ठिकाणी उशीर परवडतो. लगेच सापडलं नाही तर ११२ ला फोन लावा. लहान मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही मोबाइलमध्ये असू द्या.

आणि मोठ्यांमध्ये पाळी ठरवा. सहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आम्ही वीस-वीस मिनिटांची पाळी लावतो. ज्याची पाळी, त्याने मोबाइल पिशवीत ठेवायचा.

खेळण्यांपाशी

लोखंडी घसरगुंडीवर, झोक्याच्या पाटीवर आधी आपला तळहात पाच सेकंद ठेवून पाहा. आपल्याला ठेववत नसेल तर लेकराला बसवायचं नाही. प्लास्टिकची घसरगुंडीही उन्हात तापते. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या पाण्याची धार धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. फोड आला किंवा कातडी सुटली तर दवाखाना.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. छोट्याला भीती वाटते म्हणून आपण त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येतो. असं करू नका. घसरताना त्याचा बूट कडेला अडकतो, मागून आपलं वजन पुढे रेटत असतं, आणि नडगीचं हाड मुरगळून मोडतं. एकटं घसरणारं लेकरू पाय अडकला की थांबतं, मांडीवरचं थांबू शकत नाही. एकट्याने जमत नसेल तर खालच्या टप्प्यावर बसवून हात धरून घसरवा, नाहीतर पुढच्या वर्षी.

खेळायला सोडण्याआधी गळ्यातली माळ, ओढणी, टोपीची दोरी, पाण्याच्या बाटलीचा पट्टा काढून घ्या. हे घसरगुंडीच्या वरच्या टोकाला अडकून गळा आवळू शकतं. झोक्याच्या पुढून-मागून कुणी जाणार नाही इकडे पाळीवाल्याचं लक्ष हवं, मार लागतो तो बहुधा झोक्यावरच्याला नाही, मधे आलेल्याला. व्यायामाची जी हिरवी-पिवळी यंत्रं हल्ली सगळ्या बागांत बसवली आहेत, ती मोठ्यांसाठी आहेत. त्यांच्या सांध्यांत लहान बोटं चिरडतात.

सगळा वेळ खेळण्यांवरच जायला हवा असंही नाही. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरतो. आई मुलींना गजगे शिकवते. चिंचेखाली बसलो तर चिंचोके गोळा होतात. थोरलीला मी पाच वेगवेगळी पडलेली पानं आणायला सांगते आणि आजीने ती न बघता, हाताने चाचपून ओळखायची. पिंपळ, वड, करंज, बूच ती कधी चुकत नाही.

झाडं आणि जीव

बागेच्या कुंपणाला पिवळी कण्हेर फार लावतात, तिलाच बिट्टी म्हणतात. तिच्या बियांनी लेकरं खेळतात, आम्हीही खेळलो. पण ती बी पोटात गेली तर हृदयावर परिणाम करते, जीवही जातो. लाल-पांढरी कण्हेरही तशीच विषारी. लेकराने चावलं असा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पडीक कोपऱ्यात पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत असतं, त्याने अंगाला खाज आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता ते आपल्याकडे बांधाबांधावर आहे. दमा असणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी सप्तपर्णीखालीही बसू नये, तिच्या फुलांचा उग्र वास पुष्कळांना बाधतो.

मोहोळ उठलं तर हात झाडू नका. डोकं-तोंड कापडाने झाकून सरळ रेषेत लांब पळायचं, जमलं तर बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. काटा नखाने खरवडून लगेच काढा. बरेच डंख असतील, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडखळला तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

सापाची भीती बागेत असते त्याहून जास्त सांगितली जाते, तरी अंधारात गवतात अनवाणी जाऊ नका आणि चेंडू झुडपात गेला तर काठीने हलवून मग काढा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं काहीही नको. माणसाला आडवं करून हालचाल थांबवा, अंगठी-बांगड्या काढा आणि सापाचं औषध असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नसते.

आजी-आजोबांची संध्याकाळ

त्यांना खुर्चीवर बसवून पिशव्या राखायला लावायचं, हे मला अजिबात पटत नाही. आईला बागेत आल्यावर पहिली वीस मिनिटं चालायचं असतं, कुणाच्या तरी हाताला धरून, सपाट वाटेने. चालून झालं की ती बसते आणि शेजारच्या बाकावरच्या बाईशी ओळख काढते, दहाव्या मिनिटाला दोघींचं एखादं सोयरपण निघतं. त्या वेळी तिला "चल आई, फोटो काढू" म्हणून उठवायचं नाही.

दर अर्ध्या तासाने पाणी हातात नेऊन द्या, "पाहिजे का" असं विचारू नका. विचारलं की उत्तर नाही असंच येतं. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं सुरू झालं तर लगेच सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओला पंचा मानेवर, काखेत ठेवून वारा घाला, शुद्धीवर असेल तरच घोटघोट पाणी. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापून कोरडं पडलं तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहा.

निघताना

निघायच्या दहा मिनिटं आधी लेकरांना सांगा, "अजून दोन घसरगुंड्या." मिनिटं त्यांना कळत नाहीत, घसरगुंड्या कळतात. रडारड पुष्कळ कमी होते.

मोडका झोका, उघडी वायर, कोरडा नळ दिसला असेल तर फोटो काढून ठेवा आणि सोमवारी नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या उद्यान विभागात लेखी अर्ज द्या. पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख हवी. तोंडी सांगितलेलं राहून जातं. पंधरा दिवसांनी तो क्रमांक घेऊन परत विचारायला गेलं की हालचाल होते, हा माझा अनुभव आहे. बहिणीच्या गावचा नळ असाच दुसऱ्या अर्जानंतर सुरू झाला, आणि मागच्या महिन्यात आम्ही आठही जण पुन्हा त्याच बागेत गेलो, या वेळी साडेपाचला, करंजाच्या पूर्वेला चटई टाकून.

आपला कचरा आपल्या पिशवीत, कणसाची बुरकुंडंही. चटई झटकून घडी झाली की आई चपला मोजते. आठ माणसं, सोळा चपला. धाकटीची एक दर वेळी झोक्याखाली सापडते.